कव्हर लेटर कुठे वाचतात, कुठे नाही: अर्जाच्या वेगवेगळ्या वाटांचं परीक्षण

नोकरी डॉट कॉमवर ‘अप्लाय’चं बटण दाबलं की अर्ज गेला. बहुतेक जाहिरातींत पत्र जोडायला जागाच नसते. इंटर्नशालावर तेच पत्र अर्जाचा गाभा असतं. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, ‘डिअर सर’ने सुरू होणारं पत्र कुणी मागत नाही, पण पत्राचंच काम करणारा लांबलचक मजकूर मागतात आणि त्याला गुण देतात. जर्मनीत तर पत्राच्या डाव्या बाजूला किती समास सोडायचा, इथपर्यंत ठरलेलं आहे. तेव्हा कव्हर लेटर लिहावं की नाही, याचं उत्तर अर्ज कुठल्या वाटेने जातोय आणि तो सर्वांत आधी कोणाच्या समोर पडतो, यावर अवलंबून आहे. इथे एकेक वाट त्याच नजरेने तपासली आहे. एकच पत्र लिहून सगळीकडे चिकटवणाऱ्यांची मेहनत कुठे वाया जाते, हेही त्यातून दिसेल.

नोकरी डॉट कॉम

इन्फो एजची ही साइट १९९७ पासून आहे. आपण जाहिरातीवर अर्ज करतो, पण पलीकडचा रिक्रूटर अनेकदा अर्जांची वाट बघतच नाही. तो ‘रेझडेक्स’ नावाच्या डेटाबेसमध्ये कीवर्ड, अनुभव, शहर, पगार आणि नोटीस पिरियड टाकून स्वतःच शोध घेतो. त्याच्यासमोर नावांची यादी येते. प्रत्येक नावापुढे हुद्दा, वर्षं, पगार, गाव आणि कौशल्यं, एवढंच. पत्र या चित्रात कुठेच नाही.

पत्राचं काम इथे ‘रेझ्युमे हेडलाइन’ करते. त्यासाठी २५० अक्षरं मिळतात आणि बहुतेक जण ती ‘आव्हानात्मक संधीच्या शोधात’ छापाच्या वाक्यावर घालवतात. शोधणारा ‘आव्हानात्मक’ हा शब्द टाकून शोधत नसतो. ‘सीएनसी-व्हीएमसी प्रोग्रॅमर, फॅनुक व सीमेन्स कंट्रोल, ६ वर्षं, अ‍ॅल्युमिनियम पार्ट्स, चाकण, नोटीस ३० दिवस’ अशी ओळ शोधात सापडते आणि वाचणाऱ्याला फोन करायचा की नाही हेही तिथल्या तिथे ठरवता येतं. शहर बदलायचं असेल, म्हणजे नागपूरहून पुण्याला यायचं असेल, तर पसंतीच्या शहरांत पुणे टाकायलाच हवं. नाहीतर शहराच्या गाळणीत तुम्ही उरतच नाही. ‘पुण्याला यायला तयार’ हे पत्रात कितीही नम्रपणे लिहिलं तरी गाळणी ते वाचत नाही.

आणखी एक हमखास चूक म्हणजे राजीनामा दिल्यावरही प्रोफाइलमध्ये ‘३ महिने’ तसंच राहणं. तिथे ‘नोटीस पिरियड चालू आहे’ असा वेगळा पर्याय आहे. तो निवडून शेवटचा दिवस टाकावा. महिनाभरात येणारा माणूस हवा असलेल्या कंपनीला एवढी एक गोष्ट पत्रापेक्षा जास्त पटते. अर्ज केल्यावर कधीकधी चॅटसारखी खिडकी उघडून दोन-चार प्रश्न विचारते. त्यातला एखादा प्रश्न मोकळ्या उत्तराचा असेल तर तेवढंच तुमचं कव्हर लेटर. तिथे दोन ओळी नीट लिहाव्यात.

पत्रासाठी या साइटला शून्य गुण. पण तो साइटचा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे.

लिंक्डइनचं ‘ईझी अप्लाय’

इथे प्रोफाइल, फोन, ईमेल, रेझ्युमे आणि कंपनीने ठेवलेले प्रश्न जातात. काही जाहिरातींत कव्हर लेटर चढवायची सोय असते, बऱ्याच ठिकाणी नसते. खरी चाळण प्रश्नांवर होते. ‘अमुक सॉफ्टवेअरचा किती वर्षांचा अनुभव?’ याला आकडा द्यायचा असतो. कंपनीने ती अट अनिवार्य ठरवली असेल तर कमी आकडा देणारे आपोआप बाजूला काढून त्यांना नकार पाठवायची सोय लिंक्डइन देतं. अशा वेळी पत्र कितीही सुंदर असलं तरी ते उघडलंच जात नाही. म्हणून साडेतीन वर्षांचा अनुभव असेल तर ३ लिहायचे की ४, हा विचार पत्र लिहिण्याआधी करावा. मुलाखतीत पटवून देता येईल तोच आकडा लिहावा.

लिंक्डइनवर लिहिण्याचा उपयोग आहे, पण तो दुसऱ्या ठिकाणी. जाहिरातीखाली भरती करणाऱ्याचं नाव दिसत असेल तर त्याला निरोप पाठवता येतो. कनेक्शन मागताना सोबत चिठ्ठी जोडता येते, पण फुकट खात्याला दर महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात, त्यामुळे त्या उधळू नयेत. चिठ्ठीत ‘कृपया माझा रेझ्युमे पाहावा’ लिहिण्यात अर्थ नाही. पदाचं नाव, त्या पदाशी जुळणारं आपलं एक काम आणि अर्ज केल्याचा दिवस, बस्स.

इंटर्नशाला

विद्यार्थ्यांसाठीच्या या साइटवर चित्र उलटं आहे. अर्ज करताना ‘या कामासाठी तुम्हालाच का घ्यावं?’ हा प्रश्न कव्हर लेटर म्हणून समोर येतो आणि कंपनीला उत्तर अर्जासोबतच दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे रेझ्युमे एकमेकांसारखेच असतात: तेच कॉलेज, तसेच प्रोजेक्ट, तीच प्रमाणपत्रं. फरक पडायला जागा उरते ती या उत्तरातच. हमखास बिघडतं ते कॉपी-पेस्टमुळे. आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहतं, किंवा कंटेंट रायटिंगच्या जागेसाठी पायथनचं कौतुक जातं. उत्तराची पहिली ओळ कामाच्या नमुन्याने सुरू करावी. ‘कॉलेजच्या वार्षिकाचं मराठी विभागाचं संपादन केलं, लिंक सोबत’ हे वाक्य ‘मी मेहनती आणि चटकन शिकणारा आहे’ला केव्हाही भारी पडतं. आपण आठवड्यातून किती तास आणि कुठल्या महिन्यापर्यंत देऊ शकतो, परीक्षा कधी आहे, हेही लगेच सांगावं. इंटर्न ठेवणाऱ्याची खरी धास्ती तीच असते. पत्र लिहिण्याच्या सरावासाठी यापेक्षा चांगली जागा भारतात क्वचितच सापडेल.

थेट ईमेल: भोसरी, सातपूर, शिरोली

इथे मात्र पत्र ठरवतं. एमआयडीसीतल्या साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात वेगळी भरती यंत्रणा नसते. अकाउंट्स सांभाळणारेच एचआर बघतात आणि शेवटचा शब्द मालकाचा किंवा प्लँट हेडचा. ईमेल उघडला जातो, बहुधा फोनवर, आणि अटॅचमेंट उघडायची की नाही हे ईमेलच्या मजकुरावर ठरतं. म्हणून पत्राची वेगळी फाइल जोडू नये. ईमेलचा मजकूर हेच पत्र. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढंच लिहून खाली कव्हर लेटर आणि रेझ्युमे अशा दोन फाइली जोडणं म्हणजे वाचणाऱ्याचं काम दुप्पट करणं.

विषयाच्या ओळीत पद, अनुभव, शहर आणि नोटीस यावी. नुसतं ‘अर्ज’ किंवा ‘जॉब’ लिहिलेला ईमेल शंभरांत हरवतो. मजकूर १२० ते १५० शब्दांचा पुरे. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी तो साधारण असा असावा:

‘ब्रेक पार्ट्सच्या लाइनवर पाच वर्षं इनकमिंग आणि फायनल इन्स्पेक्शन बघतो. पीपीएपीची फाइल स्वतः तयार करतो, सीएमएमवर प्रोग्रॅम लिहितो, ग्राहकाच्या तक्रारींचे एट-डी रिपोर्ट बनवतो. आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटमध्ये माझ्या विभागाची उत्तरं मी देतो. सध्या नाशिकला आहे. घर चिंचवडला असल्यामुळे पुण्यात यायचं आहे. नोटीस ३० दिवस.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. रेझ्युमेवर नाशिकचा पत्ता पाहून वाचणाऱ्याच्या मनात ‘हा इथे टिकेल का?’ असं येतं आणि रेझ्युमे त्याचं उत्तर देत नाही. पत्राने द्यायची उत्तरं अशीच असतात. दोन वर्षांचा खंड का, शाळेत शिकवणारी बाई एचआरकडे का वळते आहे, मॅनेजरच्या हुद्द्यावरचा माणूस सुपरवायझरच्या जागेला का अर्ज करतो आहे, कोणाच्या सांगण्यावरून अर्ज केला आहे. रेझ्युमे वाचून असा एकही प्रश्न पडत नसेल तर पत्र चार ओळींत आटोपलं तरी चालतं. खंडाचं कारण एका वाक्यात द्यावं, तेही साधं: ‘२०२२ ते २०२४ वडिलांच्या आजारपणामुळे घरी होतो, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे.’ खुलासा लांबला की शंका वाढते.

रेझ्युमेच्या फाइलला ‘फायनल-न्यू-२’ असं नाव देऊन पाठवणारे अजूनही आहेत. फाइलच्या नावात आपलं नाव आणि पद असावं. पगाराचा आकडा मागितला असेल तरच द्यावा. मागितला असेल आणि दिला नसेल तर अर्ज बाजूला पडतो, हेही तितकंच खरं.

शाळा आणि संस्थांचे अर्ज

कव्हर लेटर हा शब्द न वापरता पत्राला सर्वांत जास्त मान देणारी जागा म्हणजे शिक्षणसंस्था. अनुदानित शाळांतली शिक्षकभरती आता राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर आणि प्राधान्यक्रमावर होते. तिथे पत्राला स्थान नाही. मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्थेकडेही नावं गुणांवरच जातात. पण स्वयंअर्थसहाय्यित शाळा, क्लासेस आणि ग्रंथालयं यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत राहतात आणि त्यांत ‘स्वहस्ताक्षरात अर्ज करावा’ असंही कधीकधी सांगितलेलं असतं.

या अर्जाला ठरलेला साचा आहे आणि तो मोडण्यात काही फायदा नाही. ‘प्रति, मा. सचिव’ किंवा जाहिरातीत असेल तर ‘मा. मुख्याध्यापक’, मग विषय, मग संदर्भ. संदर्भात वर्तमानपत्राचं नाव आणि जाहिरातीची तारीख हवीच, कारण एकाच संस्थेच्या तीन शाळांच्या तीन जाहिराती एकाच आठवड्यात आलेल्या असू शकतात. त्यानंतर शैक्षणिक पात्रतेचा छोटा तक्ता: परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष, टक्के. टीईटी किंवा सीटीईटी झाली असेल तर पेपर पहिला की दुसरा, हे स्पष्ट लिहावं. शेवटी सोबत जोडलेल्या कागदांची यादी आणि ‘आपला विश्वासू’. हा साचा पाळून त्यात दोन-तीन ओळी स्वतःच्या घालता येतात: कोणत्या इयत्तांना कोणते विषय शिकवले, सेमी-इंग्रजीचे तास घेता येतात का, शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा स्काउटची जबाबदारी घेतली आहे का. लहान संस्थेला एकाच माणसात दोन कामं हवी असतात आणि या ओळींवर नजर थांबते.

टंकलिखित अर्ज ईमेलने पाठवायचा असेल तर एक धोका आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल संस्थेच्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवते. टायपिंग सेंटरवरून करून घेत असाल तर युनिकोडमध्ये करा म्हणावं आणि पाठवताना पीडीएफच पाठवावी.

एमपीएससी, बँकांच्या आयबीपीएस परीक्षा, रेल्वे: इथे पत्राचा प्रश्नच येत नाही. फॉर्म, शुल्क, प्रवेशपत्र, परीक्षा.

परदेशी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे फॉर्म

कंपनीच्या ‘करिअर्स’ पानावरून अर्ज केला की आपण बहुधा वर्कडे, ग्रीनहाऊस किंवा लिव्हर यांपैकी एका प्रणालीत जातो. वेब पत्त्यात बहुधा त्यांचं नाव दिसतं, ते आधी बघून घ्यावं, कारण पत्राची सोय प्रत्येकात निराळी आहे.

ग्रीनहाऊसमध्ये कव्हर लेटरसाठी स्वतंत्र खण असतो. तो अनिवार्य, ऐच्छिक की अजिबात नको, हे कंपनी त्या त्या पदासाठी ठरवते. तांबडी खूण असेल तर पत्र हवंच. खूण नसेल आणि खण दिसत असेल तर तो साच्यातून तसाच राहिलेला असण्याची शक्यताही असते. अशा वेळी अर्ध्या पानाचं पत्र द्यावं, पण पहिल्या दोन ओळींतच मुद्दा यावा. लिव्हरच्या फॉर्ममध्ये शेवटी ‘कव्हर लेटर किंवा आणखी काही सांगायचं असेल तर’ असा मोकळा चौकोन असतो. तिथे पत्ता, तारीख, ‘रिस्पेक्टेड सर’ यांचा उपयोग नाही. थेट मजकूर टाकावा.

वर्कडेमध्ये गडबड वेगळीच होते. रेझ्युमे चढवला की प्रणाली तो वाचून नोकऱ्यांचे रकाने स्वतः भरते. पत्र आणि रेझ्युमे एकाच पीडीएफमध्ये, पत्र पुढे ठेवून दिलं तर पत्रातलं कंपनीचं नाव तुमच्या अनुभवात जाऊन बसू शकतं. दोन वेगळ्या फाइली द्याव्यात. एकच फाइल घेत असेल तर रेझ्युमे पुढे आणि पत्र मागे ठेवावं, आणि भरलेले रकाने पाठवण्याआधी वाचावेत. दोन रकान्यांचे किंवा आकृत्यांचे देखणे रेझ्युमे इथे हमखास विस्कटतात.

एनएचएस

महाराष्ट्रातून ब्रिटनला जाणाऱ्या नर्सनी इथे पत्र हा शब्द विसरून जावा. एनएचएस जॉब्सवर ‘सपोर्टिंग इन्फर्मेशन’ नावाचा भाग असतो. जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ येतं आणि त्यात अटी ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ अशा दोन गटांत असतात. निवड करणारे तुमचा मजकूर त्या अटींसमोर ठेवून गुण देतात. नाव-पत्ता त्यांच्यापासून झाकलेला असतो, त्यामुळे कौटुंबिक ओळखीचा किंवा नम्रतेचा परिच्छेद वाया जातो. प्रत्येक आवश्यक अटीसाठी, त्याच क्रमाने, दोन-तीन वाक्यं आणि एक खरं उदाहरण द्यावं. ‘औषधं सुरक्षितपणे देणं’ ही अट असेल तर किती खाटांचा वॉर्ड, कोणती औषधं, चूक टाळायला काय तपासणी करायचात, हे लिहावं. एनएमसी, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलकडच्या नोंदणीची अवस्था स्पष्ट सांगावी: सीबीटी ही संगणकावरची परीक्षा झाली की नाही, इंग्रजीचा निकाल काय. आयईएलटीएसमध्ये लेखनाला ६.५ आणि बाकी तिन्ही भागांना ७ लागतात, ते पूर्ण झाले असतील तर आकडे लिहावेत. एकही आवश्यक अट उत्तराविना राहिली की त्या ओळीत शून्य पडतो आणि पुढची छान भाषा तो भरून काढत नाही. उमेदवाराला नियम आधीच उघड सांगणारी इतकी स्पष्ट पद्धत आपल्याकडे क्वचित दिसते.

जर्मनी आणि युरोपास

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून जर्मन अर्जाबद्दलची विचारणा वाढली आहे. जर्मन अर्जात तीन गोष्टी असतात: आनश्रायबेन म्हणजे पत्र, लेबेन्सलाउफ म्हणजे रेझ्युमे, आणि प्रमाणपत्रं. पत्र एक पान, त्याहून जास्त नाही. मांडणी डीआयएन ५००८ या प्रमाणाप्रमाणे: डावीकडे अडीच सेंटिमीटर समास, पत्ते, तारीख, मग ठळक अक्षरांत विषयाची ओळ. ‘विषय’ हा शब्द मात्र लिहायचा नाही, नुसता विषय लिहायचा. मराठी अर्जाची सवय असणाऱ्यांचा हात इथे पहिल्यांदा चुकतो.

संबोधनात शक्यतो माणसाचं आडनाव हवं. जाहिरातीत नसेल तर फोन करून विचारणं तिथे उद्धटपणाचं मानत नाहीत. संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढची ओळ लहान लिपीतल्या अक्षराने सुरू होते, अर्थात तो शब्द नाम नसेल तर. शेवटच्या ‘मिट फ्रॉयंडलिशेन ग्र्यूसेन’नंतर स्वल्पविराम नसतो, खाली सही. जाहिरातीत विचारलं असेल तर वार्षिक ढोबळ पगाराची अपेक्षा आणि रुजू होण्याची सर्वांत लवकरची तारीख पत्रातच द्यायची. भारतातून जाणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पहिल्या परिच्छेदात घालाव्यात: जर्मनची पातळी, बी१ की बी२, प्रमाणपत्रासह, आणि पदवीच्या मान्यतेचं काम कुठवर आलं आहे. वाचणाऱ्याची पहिली शंका हीच.

हा आग्रह तिथेही सैल होतो आहे. डॉइचं बान या रेल्वे कंपनीने २०१८ मध्ये शिकाऊ जागांसाठी पत्राची अट काढून टाकली. पण गावातलं छोटं रुग्णालय किंवा बेकरी अजून पत्र वाचते, आणि आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करत शिकण्याच्या प्रशिक्षणासाठी, हेच काम का आणि आमच्याकडेच का, या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रातच शोधते.

हे पत्र तयार करायला युरोपास वापरावं का? युरोपियन कमिशनची ही सेवा फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि १ जुलै २०२० पासून नव्या रूपात चालते. भाषा निवडायची, पत्ता, विषय आणि मजकुराचे भाग भरायचे, साचा निवडायचा आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. मांडणी सुबक येते. पण युरोपास सगळ्या युरोपासाठी आहे, त्यामुळे जर्मन प्रमाणातले बारकावे हातानेच तपासावे लागतात. शिवाय मजकूर तुमचा तुम्हालाच लिहायचा असतो. सुरुवातीचा सांगाडा म्हणून उत्तम, पण अर्ज तेवढ्यावर सोडू नये.

एआय आणि पैसे घेऊन पत्र लिहिणारे

चॅटजीपीटी आल्यापासून गुळगुळीत इंग्रजी पत्र कुणालाही दोन मिनिटांत मिळतं, त्यामुळे नुसत्या गुळगुळीतपणाने आता कुणी प्रभावित होत नाही. एआयचा दोष वेगळा आणि जास्त महाग आहे. जाहिरात आणि रेझ्युमे दोन्ही दिले तर ते जाहिरातीतली कौशल्यं सहज तुमच्या अनुभवात घुसवतं. मग मुलाखतीत पत्रातलंच वाक्य वाचून ‘हे कसं केलंत?’ असं विचारतात. लिहून घ्यायचंच तर सांगाडा घ्यावा, विशेषणं काढून टाकावीत आणि प्रत्येक क्रियापद खरोखर आपण केलेल्या कामाचं आहे का, हे तपासावं.

पैसे घेऊन पत्र लिहून देणाऱ्या सेवा साधारणपणे फॉर्म भरून घेतात: नाव, पद, अनुभव, कौशल्यं. त्या फॉर्ममध्ये ‘शहर का बदलताय?’, ‘खंड कशामुळे?’ हे प्रश्न नसतील तर पत्रात त्यांची उत्तरंही येणार नाहीत, आणि पत्र लिहायचं खरं कारण तर तेच होतं. भारतातल्या अर्जांसाठी त्यावर खर्च करावा असं वाटत नाही. पैसे द्यायचेच असतील तर जर्मन पत्र स्वतः लिहून एखाद्या जर्मनच्या शिक्षकाकडून तासभर तपासून घ्यावं. नामांची लिंगं आणि विभक्ती यांच्या चुका तिथे दुरुस्त होतात, आणि बी२ चं प्रमाणपत्र जोडलेल्या माणसाच्या पत्रात त्या चुका फार खटकतात.